ब्रशवाल्यांच्या बाजूचा ॲम्प

कात्सुनोबु मामा यंदा वसंतात गेला, चेरीचा बहर झडून गेल्यावर. म्हणजे येत्या ऑगस्टातले पितरांचे दिवस हे त्याचे पहिलेच. देव्हाऱ्यापुढं त्याला उकडलेल्या शेंगा ठेवायच्या की थंड बिअर, यावरून घरात आत्तापासूनच बोलाचाली चालू आहे. ठेवतील शेवटी दोन्ही. मामाचं कधी एकावर भागलंच नाही. गिटारसुद्धा तो दोन ॲम्पवर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यांवर वाजवायचा, तेही पाठीला पाठ लावून ठेवलेले. अंत्यविधीला बाहेरगावचं कुणीतरी आलं होतं, ते म्हणालं, दोन कशाला हो, एकच मोठा घ्यायचा की. तेव्हा जवळची माणसं एकमेकांकडं बघून हसली. रडून डोळे सुजलेले आणि हसतायत. त्याचं कारण म्हणजे ही गोष्ट.

मामा तेव्हा पस्तिशीतला. लग्न झालं नव्हतं, पुढंही झालं नाही, आणि त्याचं त्याला फार काही वाटायचं नाही. ब्रशच्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करायचा. आमच्या याओ गावात तेव्हा दात घासायच्या ब्रशचे कारखाने म्हणजे गल्लोगल्ली. कुणाच्या पडवीत एकच मशीन, कुणाच्या शेडमध्ये रांग. ब्रशच्या डोक्याला बारीक भोकं असतात, त्यांत केस ठोकून बसवायचे, आणि ते ठोकणं सकाळपासून संध्याकाळपर्यंत, खटखटखटखट. नवा माणूस शेडमध्ये आला की कान दाबून धरायचा. जुन्यांना काही वाटायचं नाही. का वाटायचं नाही हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

मामाची आई, तोमिए आजी, तिनं त्याच मशीनवर उमेदीची सगळी वर्षं घालवली. आता सुटली होती कामातून, पण बोलणं अजून मशीनवरचंच, म्हणजे समोरच्याच्या तोंडाकडं बघत मोठ्यानं बोलायचं. बाजारात वांगी घेताना ती भाव विचारायची तर पलीकडच्या दुकानदाराला वाटायचं भांडण लागलं.

मामा संध्याकाळी हात धुवायचा. नखांतलं काळं तेल जायचं नाहीच, त्याच हातांनी गिटार घ्यायचा. आमच्याकडं पितरांच्या दिवसांत शाळेच्या मैदानात मचाण उभं करतात, त्याला लाल-पांढरं कापड गुंडाळतात, कंदील लावतात. वर कथा गाणारा, त्याच्याशेजारी ढोल, तीन तारांचं शामिसेन आणि इलेक्ट्रिक गिटार. बाहेरच्यांना गिटारचं नवल वाटतं. आमच्याकडं गिटार नसली तर लोक विचारतील, का रे, आजारी पडला काय तो. खाली सगळं गाव मचाणाभोवती फेर धरून नाचणार, लहानथोर सगळे, कमरेला मागं पंखा खोचलेला.

कथा लांबलचक असतात. दरोडेखोराच्या, भावाभावांच्या वैराच्या, जीव दिलेल्या जोडप्यांच्या. एक कडवं संपलं की खाली नाचणाऱ्यांनी एकसाथ हाळी द्यायची. हाळी देणारे पुष्कळ असतात, पण एखादाच गळा असा असतो की तो उठला की मागं सगळं मैदान उठतं. आमच्या मैदानात तो गळा तोमिए आजीचा. मचाणावर गाणारे उमेगाकी मास्तर, ते धंद्यानं न्हावी, ते म्हणायचे की तोमिएबाईंची हाळी आली की मला पुढच्या कडव्याला दम मिळतो, नाहीतर मी तिसऱ्यातच बसलो असतो.

आता गंमत अशी की कडवं कुठं संपणार हे आधी ठरलेलं नसतं. गाणारा रंगात आला की दोन ओळी वाढवतो, घसा बसला की दोन गाळतो. ढोल तर बापडा एकसारखा चालत राहतो. मग खालच्यांना कळतं गिटारवरून. मास्तर कडवं मिटवायला लागले की मामा वरून खाली एक लकेर सोडायचा, बारीक, टिणटिणत उतरणारी. ती खाली टेकली की हाळी. सगळं त्या लकेरीवर.

आजीची हाळी मागच्या दोनेक उन्हाळ्यांपासून चुकायला लागली होती. आधी किंचित मागं पडायची. मग पुढं यायला लागली. एकदा तर कथेत धाकटा भाऊ मरायला टेकलेला, मास्तरांनी आवाज पार खाली आणलेला, मैदान चिडीचूप, आणि आजीनं मधेच दणकून हाळी दिली. पोरी हसल्या. ढोलवाला बुन्जीही हसला. मास्तर हसले नाहीत पण ओळ विसरले. त्यानंतर आजी फेरात नुसती नाचली, तोंड उघडलं नाही.

आणि त्या वर्षी म्हणाली, मी येत नाही, गुडघा दुखतोय.

मामाची धाकटी बहीण सुमी, म्हणजे आमची आई, ती काही ऐकून घेणारी नव्हे. म्हणाली, "गुडघा? काल शेंगांच्या पोत्यासकट सायकल पुलावर चढवलीस ती कुणाच्या गुडघ्यानं?"

"सायकलला गुडघा लागत नाही."

"मग काय लागतं?"

"तुझ्या जिभेपेक्षा कमीच लागतं. कांदे चिर."

मामा जेवत होता. त्याला माहीत होतं गुडघ्याचं काही नाही. आजी गप्प गप्प झाली होती वर्षभर. मशीन बंद पडलेल्या शेडसारखी. आणि हाळी गेली तर तिच्याकडं काय उरणार, हे त्याला आतून खात होतं. तिनं आयुष्यात नाटक पाहिलं नाही, कुठं फिरली नाही, मैदानातल्या त्या हाळीपुरतं सगळं गाव तिचं असायचं.

त्यानं चौकशी केली तर ब्रशवाले सगळे एकच सांगायला लागले, तुझी गिटार आमच्या बाजूला ऐकूच येत नाही. ब्रशवाल्यांच्या गल्ल्या मैदानाच्या पश्चिमेला, म्हणून ते पश्चिमेच्या फाटकातून येणार आणि तिकडच्या अंगालाच नाचणार. मामाचा ॲम्प मचाणावर, त्याचं तोंड शाळेच्या इमारतीकडं, जिथं मंडळाचे लोक खुर्च्या टाकून बसतात. मामाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणाला, साधी गोष्ट आहे, आवाज तिकडं जात नाही तर तिकडं नेऊन ठेवू.

एक जुना दुसरा ॲम्प मिळवला. लांबलचक तार आणली. पहिल्या ॲम्पला दोन भोकं होती, एकात गिटार, दुसऱ्यातून तार काढून मैदान ओलांडून थेट पश्चिमेच्या फाटकाशी नेली, आणि तिथं बिअरच्या क्रेटवर दुसरा ॲम्प बसवला. मग घरी जाऊन आजीला म्हणाला, "चल, गिटार तुझ्या कानाशी आणून ठेवलीय."

आजी आधी नाही नाही म्हणाली. मग निळा सुती किमोनो काढला, त्याला इस्त्री केलेलीच होती. म्हणजे मनात होतंच.

आमच्या मैदानातला नाच दोन संध्याकाळी असतो. त्या पहिल्या संध्याकाळी आजी फाटकाशी, ॲम्पच्या शेजारीच उभी राहिली. मास्तरांनी कथा सुरू केली. मामा वर होता, त्याला वाटलं झकास चाललंय. पण खाली बघतो तर फेर दोन ठिकाणी फाटलेला. शाळेकडचे टाळी वाजवतायत, आणि फाटकाकडच्यांची टाळी त्यांच्या आधीच वाजून गेलेली. मधल्यांचे हाल, कुणी पुढच्याच्या टाचेवर पाय देतोय, कुणी मागं वळून शिव्या. तांदळाच्या दुकानवाला आणि त्याची बायको एकमेकांवर आदळले आणि तिथंच भांडायला लागले. आणि अशात कडवं संपलं, लकेर आली, आजीला ती ऐकू आली, चक्क ऐकू आली, आणि आजीनं छाती भरून हाळी दिली. एकटीनंच. बाकीचं मैदान अजून यायचं होतं.

सगळ्या माना फिरल्या.

आजीनं पुढच्या कडव्यापर्यंत नाच केला, मान खाली घालून. मग पंखा कमरेतून काढला, वारा घेतल्यासारखं केलं आणि फाटकातून घरी गेली. मामानं वरून बघितलं, पण हातात गिटार, खाली उतरता येत नाही.

कथा संपल्यावर बुन्जी घाम पुसत म्हणाला, "कात्सु, आतषबाजीत उजेड आधी दिसतो आणि धडाम मागून येतं ना? तुझं तसं झालंय. तुझी गिटार तारेतून पळत फाटकाशी गेली, आणि माझा ढोल बिचारा मैदानातून चालत गेला."

मामा म्हणाला, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला काय माहीत? मी ढोल वाजवतो, धावत जाऊन ऐकत नाही."

उमेगाकी मास्तर मात्र भडकले होते. एवढ्या वर्षांत त्यांचा फेर कधी फाटला नव्हता. म्हणाले, "उद्या एकच खोका. इथं, मचाणावर. नाहीतर गिटार घरी ठेवून ये, शामिसेनवर भागवू."

घरी आजी देव्हाऱ्यापुढची फुलं नीट करत होती. मामा दारात उभा राहिला. म्हणाला, "आई, तुझं चुकलं नाही. तारेचं चुकलं."

"बरं बरं."

"खरंच सांगतो. तू बरोबर होतीस, बाकीचे..."

"बाकीचे सगळे चुकले आणि मी एकटी बरोबर. कात्सु, तू पोटचा आहेस म्हणून असं म्हणतोस. माझं आता झालं ते झालं, मी घरात बसून ऐकीन."

ती ऐकणार नव्हती आणि तिला ऐकूही येणार नव्हतं, दोघांनाही माहीत होतं. मामाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी तो माफी मागायला मास्तरांच्या दुकानात गेला. मास्तर काजितानी काकांचे केस कापत होते. काजितानी काका म्हणजे आजीच्या शेजारच्या मशीनवर बसणारे, तेही आता सुटलेले. चष्मा काढून मांडीवर धरलेला. मास्तरांनी मामाला आरशातूनच बघितलं.

"दुकान बंद आहे."

"दार तर उघडं दिसतंय."

"तुझ्यापुरतं बंद आहे."

मामा जाऊन बाकावर बसला. मास्तर कात्री चालवत राहिले. काजितानी काका आपले बोलतायत, दुपारी पाहुणे यायचेत, सूनबाईनं माशाचं काय केलंय, वगैरे. मधेच म्हणाले, "मास्तर, आता सुरू करा की. पाहुणे यायच्या आत मला घरी जायचंय."

मास्तरांची कात्री थांबली. "काजितानी, तुझी डावी बाजू झालीसुद्धा."

"कधी?"

"तू माशाचं सांगत होतास तेव्हा."

काकांनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अरेच्चा. मला वाटलं तुम्ही नुसतेच मागं उभे आहात."

मास्तरांचा राग तेवढ्यापुरता गेला, हसायला लागले. मामाला म्हणाले, "बघतोस ना? हे सगळे ब्रशवाले असेच. कानाला चिकटून कात्री चालवली तरी पत्ता नाही. तुझी आई मानेवरची लव काढायला येते, दाराची घंटी तिला कधी कळली नाही. पण मागं वस्तऱ्याला पट्ट्यावर धार लावली की बघ." त्यांनी वस्तरा घेतला आणि चामड्याच्या पट्ट्यावर मारला, फट, फट. काजितानी काकांनी लगेच डोळे मिटून मान ताठ केली. "बघितलंस? आता ह्याला वाटतंय दाढी सुरू."

मामा बाकावरून उठला. "मास्तर, पुन्हा करा."

"काय पुन्हा?"

"आधी कात्री. कानाशी."

मास्तरांनी कच कच कच केलं. काकांचं काही नाही, बसलेत.

"आता पट्टा."

फट. काकांनी मान ताठ केली आणि वैतागून म्हणाले, "करा एकदाची सुरू."

"हा काय दवाखाना वाटला तुला?" मास्तर म्हणाले. पण मामा तोवर दारात होता. मास्तर ओरडले, "अरे, केस नाही का कापायचे तुझे?" मामा म्हणाला संध्याकाळी. मास्तर म्हणाले, संध्याकाळी मी गाणार आहे, तुझं डोकं धरून बसणार नाही.

मामा रस्त्यानं जवळजवळ पळतच गेला. घरात काय काय होतं ते सगळं एकदम डोळ्यापुढं यायला लागलं त्याच्या. किटली शिट्टी मारत राहायची आणि आजी शेजारी कांदे चिरत बसलेली असायची. सुमीनं चिरक्या आवाजात हाक मारली तर ओ नाही, मामानं जाड्या आवाजात मारली की ओ. मशीननं त्यांच्या कानांतले बारीक आवाज सगळे खाऊन टाकले होते, एक जाडे तेवढे ठेवले होते. ढोल ऐकू यायचा, पाऊल बरोबर पडायचं. मास्तरांचे शब्द कधीच विरघळून गेले होते, कथा पाठ म्हणून कुठं काय चाललंय त्याचा साधारण अंदाज यायचा, एवढंच. आणि मामाची लकेर सगळी कात्रीच्या आवाजातली. ती जितकी तीक्ष्ण तितकी लोक वाहवा करायचे म्हणून त्यानं ॲम्पचं बारीक आवाजाचं बटण कायम शेवटपर्यंत पिळून ठेवलेलं. काल आईला ती कळली ती ॲम्प अगदी कानाला लागून दणकत होता म्हणून, आणि तसं करायचं तर फेर फाटणारच.

कारखान्याला सुट्टी होती, पण किल्ली मामाकडंच. त्यानं दोन्ही ॲम्प शेडमध्ये आणून पाठीला पाठ लावून ठेवले. एक होता तसाच तीक्ष्ण. दुसऱ्याचं बारीक बटण पूर्ण बंद केलं, जाडं पूर्ण उघडलं. दोन्ही चालू केल्यावर आधी घुंऽऽ असा आवाज सुटला. एकाची पिन काढून उलटी करून लावली, तो बंद झाला. मग गिटार छेडली तर आवाज असा पोकळ, जसा काही कुणी भांड्यात तोंड घालून बोलतोय. एकेकटा वाजवला की भरदार, दोघं मिळून वाजवले की पोट गेलं. म्हणजे एकाचा पडदा पुढं ढकलतोय तेव्हा दुसऱ्याचा मागं ओढतोय, जेवढं हा देतो तेवढं तो खातो. मामा मशीनवाला माणूस, दुसऱ्या ॲम्पच्या स्पीकरच्या दोन तारा काढल्या, अदलाबदल करून लावल्या. मग छेडली तेव्हा खिडकीच्या काचा हलल्या आणि शेजारची म्हातारी बघायला आली.

त्यानं तिलाही थांबवून घेतलं. ब्रशवाले गोळा केले, काजितानी काका आले, आजीच्या वेळच्या तीनचार बाया आल्या, कुणीतरी शेंगा उकडून आणल्या. सगळ्यांना अंगणाच्या टोकाला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, हातात पंखे. म्हणाला, लकेर उतरली असं वाटलं की पंखा वर करायचा, शेजारच्याकडं बघायचं नाही.

"परीक्षा आहे काय?" एक म्हणाली. "मी शाळेत नापास झाले होते बाबा."

"बोलू नका काकू, ऐका."

पहिल्यांदा पंखे असे वर गेले की जणू माश्या हाकलतायत. मामानं बटण थोडं फिरवलं, लकेरही जाड्या तारांवर उतरवली. पुन्हा. पुन्हा. काजितानी काका भिंतीकडं बघतच म्हणाले, "कात्सु, हे फार जाडं झालंय रे. बैल हंबरल्यासारखं."

"ऐकू येतंय ना?"

"येतंय म्हणून तर सांगतोय."

शेवटी शेवटी अशी वेळ आली की लकेर खाली टेकली आणि सगळे पंखे एकदम वर. बायांनी मागं वळून एकमेकींचे पंखे बघितले आणि खिदळायला लागल्या पोरींसारख्या. मामानं गिटार खाली ठेवली आणि शेंगा खाल्ल्या, आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं त्याच्या.

आता मास्तर. दुपारी मास्तर दुकान बंद करून घसा शेकत बसले होते, त्यांच्यापुढं मामा गुडघे टेकून बसला आणि सगळं सांगितलं. मास्तरांनी घशावरचं फडकं काढून ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी गातोय आणि त्यांना कळतच नाहीये?"

"ढोल कळतो."

"ढोल म्हणजे मी नव्हे." मास्तरांना ते लागलं असावं. थोड्या वेळानं म्हणाले, "दोन्ही खोकी मचाणावरच राहतील?"

"वरच. तुमच्या पायाशी. ढोलाबरोबर निघेल, ढोलाबरोबर पोचेल."

"पहिल्या कथेपुरतं. बिघडलं तर मी तुझ्याकडं बघीन. बघितलं की दुसऱ्याची पिन काढायची, काही बोलायचं नाही."

आजीला मामानं काही सांगितलं नाही. काल एकदा सांगून बसला होता. सुमीला एवढंच म्हणाला की पश्चिमेकडचं दार उघडं ठेव.

संध्याकाळ झाली, कंदील लागले. ब्रशवाले फाटकातून येऊन आपल्या अंगाला उभे राहिले, एकमेकांना कोपरानं ढोसतायत, कालच्या गोंधळावरून तांदूळवाल्याची चेष्टा चाललीय. मामा वर गेला. त्याचं तोंड नेहमीसारखं शाळेकडं, जाडा ॲम्प त्याच्या पाठीमागं फाटकाकडं तोंड करून. मास्तरांनी मुद्दामच ती धाकट्या भावाची कथा काढली.

पहिलं कडवं. मामानं लकेर सोडली, बारीक पुढून गेली, जाडी मागून गेली. हाळी आली, बरी आली. फेर एकसंध. मास्तरांनी बघितलं नाही. दुसरं कडवं, तसंच. ब्रशवाल्यांची हाळीही आता बाकीच्यांबरोबर येत होती, काजितानी काकांचा घोगरा आवाज त्याला ओळखू आला. मास्तरांनी तरीही बघितलं नाही. मामाला खरं तर त्या वेळी मास्तरांचं काही वाटत नव्हतं. त्याला मागं वळून बघायचं होतं आणि वळता येत नव्हतं.

घरी काय झालं ते सुमीनं नंतर सांगितलं. आजी स्वयंपाकघरात तांदूळ धूत होती. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तिचे हात पाण्यात थांबले. म्हणाली, "हे काय?" सुमी म्हणाली, कुठं काय. आजी म्हणाली, "गप्प बस." हात तसेच पाण्यात. तिसरं कडवं सुरू झालं, आजी ऐकत राहिली, आणि कडवं मिटायच्या वेळी लकेर उतरली तसे तिचे ओठ हलले. मग ती तांदूळ तसेच टाकून, स्वयंपाकाचा पांढरा झगा अंगात, ओल्या हातांनी निघाली. सुमी म्हणाली, "गुडघा?" आजी थांबली नाही.

मामाला यातलं काही माहीत नाही. तो वाजवतोय. चौथं कडवं मास्तरांनी लांबवलं, फारच लांबवलं, धाकटा भाऊ मोठ्या भावाच्या दाराशी येतो आणि दार ठोठावतो तिथं आणखी ओळी घातल्या, कुणालाच कळेना कुठं संपणार. मग मास्तरांचा सूर खाली वळला. मामानं लकेर सोडली, ती उतरत उतरत गेली, टेकली, आणि त्याच्या पाठीमागून, फाटकाच्या अंगानं, ती हाळी आली.

एकटी नव्हती. ती उठली आणि तिच्यामागं मैदान उठलं.

मास्तरांनी तेव्हा मामाकडं बघितलं. पिन काढ म्हणून नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा असा की माझा दम आला, आता चल. त्या संध्याकाळी मास्तर तीन कथा गायले, मंडळाच्या अध्यक्षांनी हातानं पुरे पुरे केलं तरी थांबेनात.

पुढं मामा आजूबाजूच्या सगळ्या मैदानांत तसाच वाजवायला जाऊ लागला, दोन ॲम्प, पाठीला पाठ, हातगाडीवर घालून. ब्रशवाले बरोबर जाड्या ॲम्पच्या बाजूला उभे राहायचे. तरणी पोरं तक्रार करायची की काका, या बाजूला गिटार चिखलात पडल्यासारखी वाटते. मामा म्हणायचा, मग पलीकडं जा, मैदान गोल आहे. वय झाल्यावर तो स्वतःही गिटार वाजवताना मान जाड्या ॲम्पकडं वळवून बसायला लागला, तेव्हा घरच्यांना कळलं की त्याच्याही कानांतले बारीक आवाज गेले. त्याला काही वाईट वाटलं नाही. म्हणाला, माझी सोय आधीच करून ठेवलीय.

पण सगळ्यांना आवडतं ते सुमी जे सांगायची, त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं. आजी सूप वाढत होती, मामा आणि सुमी जेवायला बसलेले. मामा वाट बघत होता, आई काहीतरी म्हणेल. आजीनं लोणचं कापलं, ठेवलं, बसली. मग म्हणाली, "मास्तरांनी काल शेवटच्या कथेत दोन ओळी गाळल्या. लकेर आधीच आली."

"हो?"

"हो म्हणजे? तू वर होतास ना? आणि तू घाई केलीस."

"कुठं?"

"धाकटा दाराशी येतो तिथं. लकेर लगेच सोडलीस. माणूस इतक्या लांबून भावाच्या दाराशी आलाय, त्याला जोडे तरी काढू दे."

सुमीनं मामाकडं बघितलं. मामा भाताच्या वाडग्यात तोंड घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते, हसतोय की काय करतोय कळत नव्हतं. मग त्यानं वाडगा आईपुढं धरला.

"सोडीन जरा उशिरा," तो म्हणाला. "आणखी वाढ."